माया सोडून

“माया सोडून काप गं. कापड दोन बोटं जास्त गेलं तरी चालेल, पण आतल्या माणसाला श्वास घेता आला पाहिजे.”

माई जाऊन वर्ष उलटलं, तरी कात्री हातात घेतली की सासूचा हा आवाज थोरलीच्या कानाशी यायचाच. आज मात्र कात्री तिच्या हातात नव्हती. ती पलीकडच्या खोलीत, जावेच्या हातात होती. भिंतीपलीकडून तिची करकर ऐकू येत होती. जरा थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. सुती कापडावर कात्री कुरकुरते, रेशमावर सरसर सरकते. ही सरकत होती. लांब, बेफिकीर काप घेत होती.

थोरली उशांच्या धुतलेल्या अभ्र्यांच्या घड्या करत होती. एकच अभ्रा तिनं तीनदा उलगडला आणि तीनदा पुन्हा घडी केला. अजून वेळ होता. उठायचं, चार पावलं जायचं आणि दारातून एवढंच म्हणायचं, ‘अगं थांब.’ ती उठली नाही.

ते रेशीम साधंसुधं नव्हतं. जांभळट निळं, उजेडात धरलं की मधूनच हिरवी झाक मारणारं. माईंनी कधीकाळी एकच तागा घेतला होता. त्यातलं थोरलीचं एक जाकीट झालं, आणि उरलेलं कापड त्यांनी नातीसाठी ट्रंकेत ठेवून दिलं. “ठकू मोठी झाली की,” एवढंच म्हणायच्या. ठकू, म्हणजे थोरलीची लेक, आता मोठी झाली होती. उद्या, शनिवारी, ती पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात गाणार होती, आणि पुढच्या महिन्यात कॉलेजसाठी घर सोडून जाणार होती. तो ड्रेस कुणी शिवायचा, याबद्दल थोरलीच्या मनात कधी प्रश्नच आला नव्हता. माईंच्या मागे त्या मशीनवर दुसरं कोण बसत होतं?

पण काल, गुरुवारी, ठकू शिट्टी वाजवत आली आणि म्हणाली, “आई, माझा ड्रेस काकू शिवतेय हं. माईनं ठेवलेल्या कापडाचा.”

“काकू?”

“अगं, तिनं मोबाइलवर बघून कसले भारी गळे शिकून घेतलेत! तू म्हणजे गोल गळा. फार तर चौकोनी.”

“गोल गळ्यानं आजवर कुणाचा जीव गेलेला नाही.”

“जीव नाही गं गेला, फॅशन गेली!” असं म्हणून ठकूनं आईच्या गालाचा मुका घेतला आणि काकूला हाका मारत पळाली. तो मुका थोरलीला गालावर चिकटवलेल्या तिकिटासारखा वाटला. तिकीट लावलं, पाकीट दुसऱ्याच पत्त्यावर गेलं.

धाकटी जाऊ घरात येऊन दोन वर्षं झाली होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथं तिच्या शब्दाला मान होता, आणि संध्याकाळी घरी आली की घर तिच्याभोवती गोळा व्हायचं. तिचं बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. आजारपणात माई तिच्याकडून पेपर वाचून घ्यायच्या आणि तिच्या नकलांवर खोकला येईस्तोवर हसायच्या. माईंची पथ्यं, औषधं, पाठीला तेल हे सगळं थोरलीनं केलं. हसवलं मात्र धाकटीनं. थोरलीच्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं होतं, त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे गोळी नव्हती. तरी एक गोष्ट तिची तिची होती. ती म्हणजे मशीन. रोज सकाळी मशीन पुसायचं, थेंबभर तेल घालायचं आणि दिवसाची पहिली शिवण चिंधीवर घालायची, चांगल्या कापडावर नाही. माईंचा हा नेम तिनं एक दिवसही मोडला नव्हता. आता तिथंही धाकटी येऊन बसणार होती.

त्याच संध्याकाळी धाकटी खाकी कागदाचे नमुने घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. माईंनी घरातल्या प्रत्येकाच्या मापाचे नमुने कापून खिळ्याला टांगून ठेवले होते. कागद कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि कापायचं.

“ताई, हा ठकूच्या मापाचा ना? जरा बघता?”

थोरली सासऱ्यांच्या शर्टाला टाचण्या लावत होती. चार टाचण्या तिच्या ओठांत होत्या. तिनं मान हलवली.

“आणि हे कागद माया सोडूनच आहेत ना?”

आता या घरात माया म्हणजे नुसती माया नव्हे. शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड ठेवायचं, ते आत दुमडून राहतं आणि पुढं कधी अंग सुटलं तर उसवून वाढवता येतं, त्यालाही शिवणारे माया म्हणतात. माईंचे नमुने माया सोडून होते, म्हणजे माया वगळून. नेमक्या अंगाच्या मापाचे. रेघेच्या बाहेर माया आपली आपण धरायची. पण नवख्या माणसाला ‘माया सोडून’ म्हणजे ‘माया ठेवून’ वाटावं, हे अगदी साहजिक होतं. धाकटीला तेच वाटत होतं. तिच्या आवाजावरूनच ते कळत होतं, आणि थोरलीला ते कळलं.

“माया सोडूनच,” ती टाचण्यांमधून म्हणाली.

खोटं बोलली नव्हती ती. शब्दाला शब्द खरा होता. आणि तिला स्वतःला तरी कुणी सांगितलं होतं? लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं माईंना अगदी हेच विचारलं होतं. माईंनी अगदी हेच उत्तर दिलं होतं. तिनं नवऱ्यासाठी शिवलेला शर्ट आवळ निघाला आणि ती शिकली. चुकल्याशिवाय का कुणी शिकतं? असं स्वतःला समजावत तिनं उरलेल्या टाचण्या लावल्या. एक बोटात घुसली.

आज, शुक्रवारी, धाकटीनं खास रजा घेतली होती आणि भिंतीपलीकडून कात्री सरसर चालली होती.

दुपारी चहाच्या आधी ड्रेस घालून माप बघायचं ठरलं. पुढच्या खोलीत सगळे जमले. सगळे म्हणजे घरात होते तेवढे, कारण दोघींचे नवरे कामावर होते. अण्णा, म्हणजे सासरे, खिडकीशी त्यांच्या टेबलावर. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, अजूनही डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसलेला. सोफ्यावर पाय वर घेऊन वन्सं. थोरलीची ही नणंद नर्स होती. रात्रपाळी करून, झोप काढून, भाचीचा ड्रेस बघायला ती मुद्दाम माहेरी आली होती.

ठकू आतून आली. पुढून ड्रेस सुरेख दिसत होता. गळ्याला पानासारखा आकार होता, आणि तो खरंच छान जमला होता. थोरलीला ते आवडलं नाही की फार आवडलं, हे तिचं तिलाच कळेना. मग ठकू वळली. पाठीवर चेन उघडी होती आणि दोन्ही काठांमध्ये चार बोटांचं अंतर होतं.

“लागत नाहीये,” ठकू म्हणाली.

“पोट आत घे,” वन्सं म्हणाली.

“घेतलंय गं आत्या! अजून घेतलं तर पाठीतून बाहेर येईल!”

“गाताना श्वास घ्यायचा असतो, असं ऐकून आहे मी,” अण्णा भिंग न काढता म्हणाले.

धाकटीनं दोन्ही काठ धरून ओढले. कुठंतरी बारीकसं ‘टच्’ झालं. तिनं झटक्यात हात मागे घेतले. मग वाकून बगलेतली शिवण उलटून बघितली. आत उसवायला काहीच नव्हतं. सुटलेल्या धाग्यांची नुसती झालर होती.

“असं कसं झालं?” ती हळूच म्हणाली. “मी तर अगदी रेघेवर... कागदात माया होतीच ना? मी ताईंना...”

ती थांबली आणि तिनं वर बघितलं. उत्तर थोरलीच्या जिभेवर तयार होतं. ‘मी सांगितलं तेच होतं, तू समजलीस वेगळं.’ कालपासून ती ते मनात घोळवत होती. पण धाकटीनं विचारलंच नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, कळल्यासारखं. मग तिनं नजर खाली घेतली.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मी नीट विचारून घ्यायला हवं होतं.”

“दुसरं कापड?” वन्संनं विचारलं.

“नाही. हातभर तुकडासुद्धा नाही. सगळं मीच कापून संपवलं.”

ठकूनं ड्रेसच्या गळ्यावरून बोट फिरवलं. “माईनं माझ्यासाठी ठेवलं होतं ते,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

आता येईल, थोरलीला वाटलं. आता माझ्याकडे येईल. लहानपणी गुडघा फुटला की यायची तशी. तिचा डावा हात आपोआप थोडा वर झाला.

आणि धाकटीनं, स्वतःचा चेहरा पांढराफटक पडलेला असताना, एक विचित्र गोष्ट केली. “काढ तो,” ती ठकूला म्हणाली. ठकू आत जाऊन घरातला झगा घालून आली. धाकटीनं ड्रेस घेतला, दोन्ही बाह्या आपल्या मानेमागे बांधल्या आणि ते रेशीम पुढं लाळेऱ्यासारखं सोडून उभी राहिली.

“घरचा नियम आहे ना?” ती म्हणाली. “माई सांगायच्या. कपडा बिघडवला की लपवायचा नाही. बिघडवणाऱ्यानं तो एक दिवस घालून वावरायचं. मला काही हा होत नाही, पण नियम तो नियम.”

“होता खरा नियम,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी पहिल्यांदाच भिंग काढलं. “मी एकदा स्वतःच्या सदऱ्याला खिसा लावला होता. आतल्या बाजूनं. दिवसभर दुकानात तो घालून बसलो. गिऱ्हाईक सुटे मागायचं आणि मी आपला स्वतःच्याच काखेत हात घालतोय!”

वन्सं फिसकन हसली. तेवढ्यात बेल वाजली आणि धाकटी तशीच, लाळेरं बांधून, दार उघडायला गेली. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन उभा होता. त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग रेशमाकडे.

“वहिनी, बाळ कुठंय?” त्यानं विचारलं.

“मीच बाळ,” धाकटी म्हणाली. “अजून शिकतंय.”

झालं. ठकूला रडता रडता हसू फुटलं. असं फुटलं की नाकातून आवाज आला. ती धावत गेली आणि काकूच्या गळ्यात पडली, त्या लाळेऱ्यासकट. “जाऊ दे गं काकू, मी माझा जुना पांढरा घालीन,” असं काहीतरी ती तिच्या खांद्यात म्हणाली.

थोरलीचा वर झालेला हात तसाच होता. तिनं तो सोफ्यावरच्या उशीकडे नेला आणि उशी सारखी केली. उशी आधीच सारखी होती.

चूक तिची आणि कौतुकही तिचंच! थोरलीच्या मनात आग उसळली. पण त्या आगीतसुद्धा एक थंड कोपरा होता, आणि तिथून कुणीतरी विचारत होतं, चूक तिची?

ती मशीनच्या खोलीत गेली. ही खोली छोटीशी होती. एक खिडकी, खिडकीखाली मशीन, भिंतीवर खिळ्याला टांगलेले खाकी नमुने. मशीनसमोर शिवणाऱ्याचं स्टूल, आणि त्याच्या डाव्या हाताला दुसरं, जरा ठेंगणं. ते शिकणाऱ्याचं. थोरली त्यावर वर्षानुवर्षं बसली होती. आता त्यावर इस्त्री, जुनी मासिकं आणि बटणांचे डबे रचलेले होते.

मागोमाग वन्सं आली. तिनं दार लोटून घेतलं, खिळ्यावरून ठकूचा नमुना काढला, बोटांनी काठ चाचपला आणि परत टांगला.

“माया सोडून,” ती म्हणाली.

“मी तेच सांगितलं तिला,” थोरली घाईनं म्हणाली. “तेच शब्द. माईंनी मला सांगितले होते तेच. मला तरी कुणी फोड करून सांगितलं होतं का वन्सं? माझाही शर्ट आवळ झाला होता. तुम्ही होतात ना? तुम्हीच सगळ्यात जास्त हसला होतात.”

“होते ना. दादाची बटणं लागेनात आणि तो तसाच जेवायला बसला. दोन घास खाल्ले आणि एक बटण वरणात.”

“मग? माईंनी मला चुकू दिलंच ना?”

“दिलं,” वन्सं म्हणाली. तिचा आवाज वॉर्डात रात्री बोलतात तसा होता, कुणाची झोप मोडू नये असा. “पण तो शर्ट कशाचा होता, आठवतं का वहिनी?”

थोरली टांगलेला नमुना सरळ करू लागली.

“निळ्या रेघांच्या फाटक्या चादरीचा. आईनं चांगलं कापड तुझ्या हाती तेव्हा दिलंच नव्हतं. तू चुकणार हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं आधी चादर दिली.” वन्संनं दार उघडलं. “मी कुणाला काही बोलणार नाही. बोलायचं असतं तर बाहेरच बोलले असते. आणि धाकटीलाही कळलंय, बरं का. तीही बोलली नाही. चहा टाकते मी.”

ती गेली.

थोरली मशीनसमोर बसली. पायडलवर पाय ठेवला, पण दाबला नाही. फाटकी चादर! इतक्या वर्षांत तो शर्ट तिनं किती जणांना सांगितला असेल, बटण वरणात पडल्याचं किती रंगवून सांगितलं असेल. कापड कुठलं होतं हे मात्र एकदाही सांगितलं नव्हतं. आठवलंच नव्हतं. की आठवू दिलं नव्हतं?

आणि मग जे ती वर्षभर टाळत होती तेही आठवलं. शेवटच्या दिवसांत माईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. कान जवळ न्यावा लागायचा. “ते स्टूल रिकामं ठेव हं,” त्या म्हणाल्या होत्या. “धाकटीला शेजारी बसव. हात धांदरट आहे तिचा, पण डोळा चांगला आहे. बसवशील ना?” थोरली म्हणाली होती, “बसवीन, माई. शब्द देते.” आणि त्यानंतर चारच दिवसांत तिनं त्या स्टुलावर इस्त्री ठेवली होती. मग मासिकं. मग डबे. एकेक वस्तू अशी ठेवली होती की जणू दुसरीकडे जागाच नव्हती.

ती उठली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तिनं आपलं जाकीट काढलं. तेच जांभळट निळं रेशीम. हे जाकीट म्हणजे तिचा दाखला होता, माईंनी त्या ताग्यातून आधी तिच्यासाठी कापलं याचा. पाच-सहा वर्षांपासून ते तिला होत नव्हतं. पण त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, कारण आत माया होती. उन्हानं बाहेरून ते फिकट झालं होतं. तिनं बगलेतली शिवण उलटली. आत, दोन्ही अंगांना, माईंनी तीन-तीन बोटं माया ठेवली होती. “एवढी?” तेव्हा तिनं हसून विचारलं होतं. “तू अजून कुठं सुटलीयेस,” माई म्हणाल्या होत्या. “पुढं लागेल. मी नसले तरी लागेल.”

आतलं रेशीम नव्यासारखं होतं. ऊन न लागलेलं, अगदी ठकूच्या ड्रेसच्या रंगाचं.

तिनं मनात माप घेतलं. ठकूच्या ड्रेसला दोन्ही बगलांतून खाली एकेक पट्टी. खालच्या दुमडीतून काढली तर आडवा धागा येईल, अंगावर ताणेल, बसायची नाही. उभा धागा फक्त या बाजूच्या शिवणींतच होता. म्हणजे माया मुळापासून कापून घ्यावी लागणार. आणि एकदा ती कापली की हे जाकीट आपल्याला पुन्हा कधीच होणार नाही.

बाहेर ठकू गात होती. शनिवारचं गाणं नव्हे, काहीतरी वात्रट, इस्त्रीवाल्यावर रचलेलं. धाकटी टेबलावर ठेका धरत होती. थोरलीच्या पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा वळवळलं. ते काही गेलं नव्हतं. बहुतेक जाणारही नव्हतं. असू दे, ती मनाशी म्हणाली. दुखतं म्हणून काही कुणी रोजची कामं टाकत नाही.

तिनं ठेंगण्या स्टुलावरची इस्त्री उचलून खिडकीत ठेवली. मासिकं जमिनीवर. डबे कपाटावर. जागा होती, सगळ्याला जागा होती. वर्षभराची धूळ तिनं पदराच्या टोकानं पुसली. खणातून उसवायचं अर्धं ब्लेड काढलं. कपाटाच्या अगदी तळातून एक जुनी चादर ओढून काढली, विटलेली, एका कोपऱ्यात फाटलेली. आधी धाकटीच्या हातून पट्ट्या हिच्यावर कापून घ्यायच्या, आणि मग रेशमावर. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ होता.

जाकीट आणि चादर खांद्यावर टाकून, ब्लेड कागदात गुंडाळून मुठीत धरून, तिनं दुसऱ्या हातात स्टूल घेतलं. ‘मी तुला अर्धंच सांगितलं होतं.’ पहिलं वाक्य हेच. सगळ्यांसमोर, चहा गार होऊ देऊन. तिनं ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. पुन्हा म्हणून बघितलं.

मग स्टुलाचा पाय दाराला लागू नये म्हणून जरा तिरकी होऊन ती बोळातून पुढच्या खोलीकडे चालू लागली.